कोळशाच्या शेजारचा दगड

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबन हे गाव आहे. उत्तरेला वणी, पूर्वेला काही कोसांवर वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे आदिलाबादचा मुलूख. कोलाम आणि गोंड लोकांची येथे जुनी वस्ती आहे. शेती कापसाची, जंगल सागाचे. ह्या गावाचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत येते ते चुनखडक आणि दगडी कोळसा ह्या दोन गोष्टींमुळे. २०२२ साली येथे वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंटचा कारखाना सुरू झाला; आणि मार्की-मांगलीचे कोळशाचे पट्टेही ह्याच तालुक्यात आहेत.

चुनखडक सर्वांना ठाऊक, कोळसाही सर्वांना ठाऊक. पण ह्या दोहोंच्या वर, खाली आणि मधोमध एक तिसरा दगड आहे, आणि त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही. खाणीतून तो निघतो तो टाकून देण्यासाठीच निघतो. त्याला शेल म्हणतात. शब्द इंग्रजीतून आलेला खरा, पण आता मराठी भूशास्त्राच्या पुस्तकांतही तो रूढ झाला आहे, तेव्हा आपणही तोच वापरू. माझे म्हणणे असे, की वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यातल्या कोळशाचा दीडशे वर्षांचा इतिहास हा निम्मा ह्या टाकाऊ दगडाचा इतिहास आहे. खाण कोठे चालली, कोठे बसली, कोळसा कोठे जळला नि कोठे नुसता धुमसला, हे ठरवण्यात त्याचा हात आहे. आणि ‘आमच्या रानात शेल-वायू निघेल काय हो?’ असा प्रश्न आजकाल कोणी विचारला, तर त्याचे उत्तरही ह्याच दगडाच्या स्वभावात आहे.

हा स्वभाव समजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात नाल्याचे गढूळ पाणी काचेच्या पेल्यात भरून ठेवा. वाळू क्षणात तळाशी बसते. माती मात्र संध्याकाळपर्यंत तरंगत राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो वाळूच्या वर तिचा एक गुळगुळीत थर बसलेला. शेलचे कच्चे सामान ते हेच. त्यातला बारीकात बारीक कण इतका लहान असतो, की एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातल्या एका भागातही तो मावावा. शिवाय हे कण वाळूसारखे गोल नसतात; अभ्रकाच्या चकत्यांसारखे चपटे असतात.

यवतमाळ-वणीकडच्या वाचकांनी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने पाहिले असतीलच. खोलीभर मोकळा कापूस दाबाखाली जातो आणि बाहेर एक घट्ट गाठ पडते. नदीच्या, तळ्याच्या वा समुद्राच्या तळाशी बसलेल्या चिखलाचेही असेच होते. ताज्या चिखलात शंभर भागांत सत्तर-ऐंशी भाग नुसते पाणी असते. त्याच्यावर आणखी गाळ चढत जातो, पाणी पिळून निघते, आणि हजार-दोन हजार मीटर ओझ्याखाली ते प्रमाण दहापर्यंत, कधी त्याहूनही खाली येते. दाब वरून येत असल्यामुळे सगळ्या चकत्या आडव्या पडतात, पत्त्यांच्या जुडीसारख्या. म्हणूनच शेलवर छिन्नी मारली की त्याचे पापुद्रे निघतात. वालुकाश्माचे तसे निघत नाहीत.

आता ह्यातली खरी मेख पाहा. शेलमध्ये छिद्रे असतात, पण छिद्रांना जोडणाऱ्या वाटा नसतात. असल्या तरी इतक्या अरुंद की पाणी, तेल वा वायू त्यांतून सरकायला युगे लागावीत. चांगल्या वालुकाश्मातून एखादा द्रव जितक्या सहजतेने वाहील, त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्यानेही तो शेलमधून वाहत नाही. ह्या एका गुणाचे परिणाम किती दूरवर पोचतात ते पुढे दिसेल. दुसरा गुण उलटा आहे: तोडताना कठीण वाटणारा हा दगड हवेत उघडा पडून भिजला-वाळला, की काही दिवसांत त्याचा भुगा होतो. पुन्हा चिखल व्हायला तो जणू टपलेलाच असतो.

मुकुटबनच्या भोवतालची गंमत अशी, की येथे एका दिवसाच्या पायपिटीत तीन निरनिराळ्या युगांतले शेल पाहता येतात, आणि त्यांचे रंगही निरनिराळे आहेत.

पहिला तांबूस-तपकिरी. पैनगंगेच्या खोऱ्यातला जो चुनखडक सिमेंटसाठी निघतो, त्याच्याच कुळातला हा शेल. ह्या चुनखडकाला चांदा चुनखडक म्हणतात आणि त्याच्यावर बसलेल्या शेलला आदिलाबादकडच्या सात नाल्यावरून नाव पडले आहे. हे खडक सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी जमिनीवर झाडे नव्हती, प्राणी नव्हते. समुद्रात सूक्ष्म जीव तेवढे होते. शेलचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा असतो. म्हणजे गाळ बसताना त्याला प्राणवायू मिळत होता आणि जो काही सेंद्रिय माल त्यात पडला तो कुजून नाहीसा झाला. असा शेल जळत नाही आणि त्यातून तेल वा वायूची आशाही धरता येत नाही. रंग पाहून दगडाची कुंडली सांगता येते ती अशी. सिमेंटाला चुनखडकाबरोबर थोडी माती लागते, सिलिका आणि अॅल्युमिना मिळण्यासाठी. शेल ते काम करू शकतो. दोन्ही एकत्र दळून चौदाशे अंशांच्या वर तापवायचे आणि त्यासाठी कोळसा जाळायचा. वणीजवळच्या राजूरच्या चुन्याच्या भट्ट्यांनी चुनखडक आणि कोळसा ह्यांची ही शेजारसोबत फार आधी ओळखली होती. सिमेंटचे कारखानदार मागाहून आले.

दुसरा शेल हिरवट. तो सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. फोडला तर त्याच्या पापुद्र्यांऐवजी सुया पडतात, पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या. ओरिसातल्या तालचेरवरून त्याला तालचीर शेल म्हणतात. ह्याच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. पैनगंगा आणि वर्धा ह्यांच्या संगमाजवळ इरई नावाचे गाव आहे. तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन ह्यांना चुनखडकाचा एक पृष्ठभाग दिसला: घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर चरे. वर बसलेल्या मातीत मोठाले गोटे, तेही घासलेले नि ओरखडलेले. असे ओरखडे हिमनदीच करते. बर्फात अडकलेले दगड तळाच्या खडकावरून ओढत नेते, लोहाराने कानस चालवावी तसे. विदर्भात, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेथे हिमनदी! फेडन ह्यांनी हे १८७५ साली छापले. ओरिसात ब्लॅनफर्ड मंडळींनी १८५६ मध्ये अशाच गोट्यांवरून बर्फाचा तर्क केला होता, पण खाली ओरखडलेली फरशी दाखवता आली नव्हती. ती इरईने दाखवली. बर्फ वितळले, त्याच्या पाण्याने दळलेले पीठ तळ्यांत बसले, त्याचा हा हिरवा शेल. थंडीमुळे वनस्पती अगदी तुरळक, म्हणून ह्यातही जळण्याजोगे काही नाही.

तिसरा शेल काळा. हाच आपल्या कथेचा नायक म्हणा, खलनायक म्हणा. बर्फ ओसरल्यावर ह्या खोलगट पट्ट्यात नद्या फिरू लागल्या, दलदली झाल्या, अरण्ये माजली. जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडे होती. त्यांचा पाला नि लाकूड पाण्याखाली गाडले गेले, त्याचा कोळसा झाला; आणि जेव्हा पूर येऊन चिखल पसरला तेव्हा त्या चिखलाचा, कुजक्या पाल्यासकट, काळा शेल झाला. म्हणून कोळशाच्या थराच्या खाली शेल, वर शेल आणि पोटातही शेल. ह्या शेलचा पापुद्रा अलगद उचलला तर कधीकधी पानाची शीरनशीर उमटलेली दिसते. बारीक कणांची ही एक देणगीच. असेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडते, ऑस्ट्रेलियात सापडते. दक्षिण ध्रुवाहून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर पस्तीस पौंड दगड निघाले. त्यांत हे पान होते. ह्या सगळ्या भूमी एकदा जोडलेल्या होत्या आणि त्या खंडाला जे नाव मिळाले ते आपल्याच गोंडवनाचे. मेडलिकॉट ह्यांनी १८७२ मध्ये हे नाव ह्या खडकांना दिले, पुढे स्यूस ह्यांनी ते सबंध खंडाला दिले. मुकुटबनच्या गोंड शेतकऱ्याला हे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

असो. आता इतिहासाकडे वळू. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोचली. इंजिनांना कोळसा हवा होता. राणीगंजचा कोळसा फार लांब, आणि विलायतेहून जहाजाने मुंबईला येणारा फार महाग. मग वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर शोध सुरू झाला. नदीच्या पूर्वेला मध्यप्रांतातला चांदा जिल्हा, पश्चिमेला वऱ्हाडातला वुन जिल्हा. वुन म्हणजे आपले वणी. इंग्रजांच्या जिभेवर ते तसे झाले. १९०५ साली ह्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ पडले. कागदावर प्रांत दोन, पण जमिनीखाली पट्टा एकच. ह्या पट्ट्याची पाहणी ह्यूज ह्यांनी केली आणि १८७७ मध्ये त्यांचा ‘वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्र’ हा ग्रंथ सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला.

ह्यूज ह्यांची अडचण काय होती ते ध्यानात घ्या. राणीगंजकडे कोळसा नाल्याच्या काठाला उघडा दिसतो. येथे तसे नाही. वर काळी कपाशीची जमीन, तिच्याखाली कामठीचा वालुकाश्म, पश्चिमेकडे तर सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा फत्तर. कोळसा त्या सगळ्याच्या खाली. तेव्हा जमिनीत भोके पाडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. भोकातून वर येणाऱ्या चुऱ्यात काळा शेल दिसू लागला की कोळशाच्या कुळातले खडक लागले असे समजावे, आणि हिरवा सुयांचा शेल लागला की थांबावे. त्याच्याखाली कोळसा नाही. तेव्हाही असेच होते आणि आजही, यंत्रे बदलली तरी, असेच आहे. चोर पाहिला नाही तरी पावलांच्या खुणा ओळखाव्यात, तसे हे शेल वाचणे.

वर्धेच्या पूर्वेला वरोऱ्याला सरकारने स्वतः खाण काढली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा नेला. १८७० नंतरच्या दशकात ती चालू झाली, १९०६ साली बंद पडली. कोळसा उत्तम म्हणावा असा नव्हता. त्यात ओल जास्त, आणि हवेत ढीग पडला की तो आपोआप तापायचा. पण कोळसा काढणाराची खरी गाठ होती ती डोक्यावरच्या छताशी. जमिनीखालच्या खाणीत कोळसा सगळा काढता येत नाही. वरचा भार झेलायला कोळशाचेच चौरस खांब ठेवून मधल्या गल्ल्या तेवढ्या पोखरायच्या. गल्लीचे छत कशाचे? पुष्कळदा शेलचे. पापुद्र्यांचा दगड डोक्यावर आडवा ताणला तर काय होईल? खालचा पापुद्रा वरच्यापासून सुटतो, लोंबतो, आणि एखाद्या दिवशी काही न सांगता खाली येतो. वालुकाश्माचे छत आधी करकरते, सूचना देते असा खाणकामगारांचा अनुभव. शेल ती उदारता दाखवीलच असे नाही. म्हणून पाळीवर गेले की प्रथम छत ठोकून पाहायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, पोकळ आला, की सब्बल घालून तो पापुद्रा आधी पाडायचा, नाहीतर टेकू द्यायचा. छताला लोखंडी बोल्ट मारण्याची पद्धत आली तिचेही मर्म हेच: सुटणारे पापुद्रे एकमेकांना शिवून टाकायचे, गोधडीला टाके घालावे तसे.

पावसाळ्यात धोका वाढतो, आणि हे बाहेरच्या माणसाला नवल वाटते. पाऊस तर वर पडतो, खाली काय? पण खाणीत हवा खेळवावी लागते. त्या चार महिन्यांत ती ओलसर असते. ओलसर हवा शेलला लागली की त्यातली माती फुगते, आणि उन्हाळ्यात घट्ट वाटलेले छत भुरभुरू लागते. चिखल होण्याची जी खोड मघाशी सांगितली ती ही.

कोळशाच्या पोटातला शेल हा निराळा त्रास. वर्धा खोऱ्यात मुख्य थर कित्येक ठिकाणी पंधरा मीटरांहूनही जाड आहे. ऐकायला मोठे छान वाटते! पण तो सलग कोळसा नव्हे. मध्ये शेलचे पट्टे आहेत, लाडवात खडे यावेत तसे. पट्टा हातभर जाड असेल तर वेगळा काढता येतो. बोटभर असेल तर कोळशाबरोबरच जातो. शिवाय कोळशाच्या कणाकणांत मिसळलेली माती असतेच, ती धुऊनही निघत नाही. ही सगळी माती भट्टीत जळत नाही. राख होऊन उरते. हिंदुस्थानच्या वीजकेंद्रांत जाळल्या जाणाऱ्या कोळशात शंभर भागांत तीस ते चाळीस भाग राख निघणे ही सामान्य गोष्ट आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळचे राखेचे तलाव पाहिलेत, तर ते म्हणजे ग्लॉसोप्टेरिसच्या अरण्यात शिरलेल्या पुरांचा गाळच आहे, अठ्ठावीस कोटी वर्षांनी पुन्हा तळ्यात येऊन बसलेला. ही राख वाऱ्याने उडते आणि ज्यांच्या अंगणात पडते त्यांचा विजेच्या कारखान्याशी काही संबंध नसतो.

स्वातंत्र्यानंतरचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो अनेकांच्या डोळ्यांसमोरचा आहे. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली. नायगाव, निलजई, उकणी, मुंगोली, घोन्सा ही नावे वणीच्या बाजारात रोजची झाली. भुयारे मागे पडली, उघड्या खाणी आल्या. मार्की-मांगलीचे पट्टे खासगी कंपन्यांना मिळाले होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील २१४ कोळसा पट्ट्यांची वाटणी रद्द केली, त्यात तेही गेले, आणि पुढच्या साली नव्याने लिलाव झाले.

उघडी खाण आली आणि छत पडण्याची भीती गेली. पण शेल गेला नाही. आधी तो डोक्यावर होता, आता ढिगात आला. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरचे सगळे उचलून बाजूला टाकावे लागते, आणि एका टन कोळशापायी कित्येक टन माती-दगड हलवावे लागतात. वणीहून कोणत्याही बाजूला निघा, सपाट कपाशीच्या मुलखात हे करडे डोंगर उभे दिसतील. परक्या माणसाला ते खरेच डोंगर वाटतात. त्यांतला शेल पहिल्या दोन-तीन पावसांतच चिखल होतो. मग ढीग सरकतो. झारखंडातल्या राजमहाल खाणीत, लालमटियाजवळ, २९ डिसेंबर २०१६ रोजी असाच ढिगारा कोसळला आणि २३ कामगार त्याखाली गेले. ढिगाचा उतार किती ठेवायचा, पाणी कोठून काढून द्यायचे, हे म्हणून हिशेबाचे काम आहे. ते खर्चाकडे पाहून ढिलाईने करण्याचे नव्हे.

काळ्या शेलच्या ढिगाला आणखी एक खोड आहे. त्यात दहा-वीस टक्के कोळसा राहिलेला असतो, आणि कोठेकोठे गंधकाचे सोनेरी खनिज. हवा लागली की दोन्ही हळूहळू तापतात. भट्टीत टाकला तर हा दगड नीट जळत नाही, आणि ढिगात पडला तर धुमसायचे थांबत नाही! गंधकाच्या खनिजातून झिरपणारे पाणी आंबट होते. ते नाल्यात गेले की नाल्याला बाधते.

विहिरींचेही सांगितले पाहिजे, कारण गावकऱ्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत जवळची. ह्या भागात एका शिवारातल्या विहिरीला वैशाखातही पाणी असते आणि शेजारच्या शिवारातली माघातच आटते. लोक नशिबाला बोल लावतात. पुष्कळदा कारण एवढेच असते, की पहिली कामठीच्या वालुकाश्मात आहे आणि दुसरी शेलमध्ये. वालुकाश्म पाणी साठवतो आणि देतोही. शेल साठवतो पण देत नाही. छिद्रे आहेत, वाटा नाहीत. आता कोळशाची उघडी खाण ह्याच वालुकाश्माला कापून खाली जाते. कापले की त्यातले पाणी खाणीत उतरते आणि पंपाने उपसून बाहेर टाकावे लागते. वैशाखातही न आटणारी विहीर मग का आटली, ह्याचे उत्तर त्या पंपात शोधावे लागते.

आता शेवटी तो शेल-वायूचा प्रश्न. ज्या दगडातून काही वाहत नाही, त्यातून वायू काढणार तरी कसा? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया गावी विल्यम हार्टने १८२१ साली शेलमध्ये उथळ विहीर खणून निघालेल्या वायूवर गावातले दिवे लावले होते. पण ती आपोआप पडलेल्या भेगांची कृपा होती. टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेलच्या कंपनीने १९८१ पासून बार्नेट नावाच्या शेलमध्ये वर्षानुवर्षे पैसा ओतला आणि १९९८ च्या सुमारास युक्ती साधली: विहिरीत प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू घालायची, दगडाला भेगा पाडायच्या, आणि भेगा मिटू नयेत म्हणून वाळू त्यात अडकवून ठेवायची. विहीर आडवी वळवून थराच्या पोटातूनच नेण्याची विद्या तिला जोडली गेली. वाटा नव्हत्या, त्या माणसाने पाडल्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेचा वायूचा बाजार त्याने उलटापालटा झाला. तेव्हापासून जगात जेथे जेथे काळा शेल आहे तेथे तेथे आशा पालवली.

भारतातही तेल आणि नैसर्गिक वायू निगमाने जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे गोंडवनी शेलमधून वायू मिळवून दाखवला. २०१३ च्या ऑक्टोबरात सरकारने शेल-वायूचे धोरणही जाहीर केले. मग दामोदरचा शेल गोंडवनी, आपलाही गोंडवनी. तेथे वायू, तर येथे का नाही?

ह्याचे उत्तर स्वयंपाकघरातले आहे. नुसते सामान असून भागत नाही, चूलही लागते. शेलमधल्या कुजक्या पाल्याचा वायू व्हायचा तर तो खोल गाडला जाऊन शंभर अंशांच्या वर, बराच काळ, शिजला पाहिजे. दामोदर खोऱ्यातला कोळसा तसा शिजला आहे; म्हणूनच झरियाचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा मात्र अर्धाकच्चा राहिला. त्यातली जी ओल वरोऱ्याच्या काळापासून गिऱ्हाइकांना नडली, तीच ह्याची साक्ष. कोळसा कच्चा तर त्याच्या शेजारचा शेलही कच्चा. अमेरिकी सरकारच्या ऊर्जा माहिती खात्याने २०११ मध्ये जगातल्या शेलचा अंदाज बांधला, तेव्हा प्राणहिता-गोदावरीच्या पट्ट्यातले शेल जाड आणि काळे असूनही उष्णतेने पक्व झालेले नाहीत, असेच नोंदवले.

ह्याच पट्ट्याचा दुसरा शेवट पाहा, म्हणजे फरक डोळ्यांत भरेल. वर्धेचे पाणी प्राणहितेत, प्राणहितेचे गोदावरीत जाते. जमिनीखालचा गोंडवनी चरही त्याच दिशेने, आग्नेयेकडे, समुद्रापर्यंत गेला आहे. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी हे कोळसा-शेलचे थर तीन-चार हजार मीटर गाळाखाली दबले. तेथे ते शिजले. मंडपेटाच्या वायू-विहिरींना वायू पुरवला तो ह्याच कुळातल्या, कोम्मुगुडेम नावाच्या थरांनी. म्हणजे बियाणे एकच. मुकुटबनला ते वरच राहिले म्हणून खणून कोळसा मिळतो, मंडपेटाला खोल गेले म्हणून वायू मिळतो. दोन्ही एकाच जागी मिळावे ही अपेक्षा निसर्ग क्वचितच पुरवतो.

आणि समजा, उद्या ह्या खोऱ्यात कोठे पक्व शेल लागलाच, तरी एका विहिरीला भेगा पाडायला कोटी-दीड कोटी लिटर पाणी लागते, आणि अशा विहिरी एक-दोन खणून भागत नाही, शेकड्यांनी खणाव्या लागतात. बार्नेटचा शेल गारेसारखा ठिसूळ, म्हणून त्याला भेगा छान पडल्या. मातीचे प्रमाण जास्त असलेला शेल पाणी पिऊन फुगतो आणि पाडलेली भेग पुन्हा मिटवतो. इच्छापूरला वायू दिसून आता दशकाहून अधिक काळ झाला, तरी देशात शेल-वायूचे व्यापारी प्रमाणावर उत्पादन उभे राहिलेले नाही, त्याच्या कारणांत ह्या दोन्ही गोष्टी आहेत. उन्हाळ्यात पैनगंगेचे पात्र कोठेकोठे पायी ओलांडता येते, हे त्या काठच्या माणसांना सांगायला नको.